आप्पा शांत झाले

वाई, १४ जून १९९८

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर मला येत नाही, आणि आठ दिवस पुस्तकं चाळूनही सापडलेलं नाही. जन्मभर जो माणूस ‘डोळ्यांनी बघितल्याबिगर काही मानू नका’ असं सांगत आला, त्याला त्याचे डोळेच खोटं दाखवायला लागले, तर त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

हे का विचारते ते आत्ता लिहीत नाही.

सहा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. मी बी.एस्सी. झाले हे बयाआत्याकडून कळलं असेल. घरातली पहिली पदवी, म्हणून आप्पांनी प्रमाणपत्राला काचेची चौकट केली. बघायला येणाऱ्याला ते आधी हात धुऊन यायला लावत. आता इथल्याच शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते.

आप्पा बरे नाहीत. पाऊल फरफटतं. अक्षर मुंगीएवढं झालंय. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी दुपारी चार वाजले की पाणी सोडायला निघतात. बत्तीस वर्षं नगरपालिकेचा व्हॉल्व्ह उघडला, पायांना सवय आहे, असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तेच सांगते.

‘ये’ असं म्हणत नाही. तुझ्या रोहनच्या तापात तू देवीला नारळ फोडून आलास, आणि छप्पन साली वयाच्या अठराव्या वर्षी ज्यांनी घरातले देव स्वतः कृष्णेत सोडले, ते आप्पा तुला म्हणाले, “माझ्या मातीलासुदिक येऊ नगंस.” मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मधे पडले नाही. आज पडतेय असंही नाही. तुला माहीत असावं, एवढंच.

तुझी,
आमू (आम्रपाली)


(पोस्टकार्ड)
वाई, ९ ऑगस्ट १९९८

दादा, जयभीम. शुक्रवारी आप्पा शांत झाले. महिनाभर फार त्रास काढला, आता सगळं थांबलं. तू येण्याची घाई करू नकोस. मी धीराने आहे. वहिनींना नमस्कार.
— आमू


वाई, २४ ऑगस्ट १९९८

दादा,

आप्पा जिवंत आहेत. हे वाक्य दोनदा वाच, मग पुढे जा.

काल सकाळी बयाआत्या कराडहून आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिचा आवाज ऐकू आला. “माझा भाऊ गं! मला तोंड बी बघू दिलं न्हाईस!” मी दारात कणीक भरल्या हातांनी उभी. ती माझ्या गळ्यात पडली, आणि माझ्या खांद्यावरून तिला खाटेवर बसलेले आप्पा दिसले. रडणं मधेच तुटलं.

“आमे, ह्यो कोण बसलाय?”

“आप्पा.”

“आन् मग सांगलीत मी बुंदी कुणाच्या नावाची खाऊन आले?”

मग तिने सगळं सांगितलं. माझं कार्ड वाचून आप्पा गेले असंच तू समजलास. ‘मातीला येऊ नको’ हा त्यांचा शब्द पाळायचा म्हणून वाईला आला नाहीस, पण भंतेजींना बोलावून स्वतःच्या घरी पुण्यानुमोदन केलंस. ज्या घरात तू देव परत आणलेस, त्या घरात पंचशील म्हणवून घेतलंस, कारण गेलेल्या माणसाची रीत ती होती. दादा, आम्ही सहा वर्षं तुझ्याबद्दल काय काय बोललो!

चूक माझी. मला म्हणायचं होतं की आप्पांची तगमग थांबली. डॉक्टर ‘शांत राहण्याची गोळी’ म्हणाले होते, तो शब्द मी तसाच उचलला. आपल्याकडे माणूस शांत झाला म्हणजे काय झालं, हे पदवीधर बाईला आठवलं नाही.

पण खरं पुढेच आहे. आत्या हसत-रडत आप्पांजवळ गेली. त्यांचा हात उचलला आणि सोडला. हात तसाच अधांतरी राहिला. तिने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. लाळ पुसली. मग माझ्याकडे वळली.

“ह्यो शांत न्हाई, आमे. ह्यो वाळल्यालं लाकूड झालाय. पापणी बी लवंना. तुझ्या कार्डात चूक कसली? बराबरच लिवलंस की.”

मी सोळा दिवस रोज त्यांना पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

आता जूनमध्ये लपवलं ते लिहिते. आप्पांना माणसं दिसतात. आपल्या स्वयंपाकघरात घागरी घेऊन बायका रांगेत उभ्या असतात. पाणी सुटायची वाट बघतात. बोलत नाहीत. आप्पा मला एकीच्या लुगड्याचे काठ सांगू शकतात, दुसरीच्या घागरीला पडलेला पोचा सांगू शकतात. मी तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू म्हणशील, ‘बघा, नदीत सोडलेले देव परत आले.’ गल्लीतले लोक तेच म्हणतात.

आणि आप्पांनी ते वर्षभर माझ्यापासूनही लपवलं. कसं कळलं, ते सांगते. मे महिन्यात एकदा स्वयंपाकघरभर ज्वारीचं पीठ सांडलेलं दिसलं. मी ओरडले. तीन दिवसांनी आप्पा म्हणाले, “सांडलं न्हाई गं, मी पसारलं. पावलं उमटत्यात का बघाय. न्हाई उमटली. म्हंजी त्या न्हाईत. पर दिसत्यात, आमे. लय साफ दिसत्यात.”

सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांची अशी परीक्षा घेतली. मी त्यांना काय केलं? साताऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळी आणली, आणि कॅलेंडरवर खूण करत एकही न चुकवता दिली. विज्ञानावर माझा विश्वास आहे ना.

आजपासून गोळी बंद. आत्या म्हणते, मिरजेला ने. कसं न्यायचं ते ठरवते.

आमू


वाई, १३ सप्टेंबर १९९८

दादा,

तुझं पत्र मिळालं. ‘आधी फोटोचा हार काढला, मग तुला शिव्या घातल्या’ हे वाचून फार बरं वाटलं. आणि ‘देव परत आले असं मी म्हणणार नाही, घाबरू नकोस’ हे वाक्य मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी अट मात्र अवघड आहे. आप्पांनी स्वतः शब्द मागे घेतल्याशिवाय तू येणार नाहीस. आज ते माझं नावसुद्धा दोन मिनिटं जुळवत बसतात.

आम्ही मिरजेला जाऊन आलो. आत्याचा मुलगा जीप घेऊन आला होता. डॉक्टर मगदूम म्हणून मेंदूचे डॉक्टर आहेत. त्यांनी आप्पांना चालवलं, मनगट फिरवलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आप्पांनी बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले. मग त्यांनी मला विचारलं, “दिवसात कधी अगदी पूर्वीसारखे असतात, तासाभराने काहीच कळत नाही, असं होतं? झोपेत हातपाय झाडतात?” दादा, तुला आठवतंय, आई असताना ती रोज तक्रार करायची की हे झोपेत व्हॉल्व्ह फिरवतात आणि मला कोपर लागतं? तेव्हापासून या आजाराची चाहूल असू शकते, म्हणाले.

नाव आहे लेवी बॉडी. मेंदूच्या पेशींच्या आत बारीक गोल कण साठतात. लेवी नावाच्या माणसाने ते सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिले, म्हणून त्याचं नाव. हा आजार ओळखायचे नियम जगातल्या डॉक्टरांनी मिळून ठरवले त्याला दोनच वर्षं झालीत. मगदूमांनी त्या लेखाची झेरॉक्स टेबलातून काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “साताऱ्याच्या डॉक्टरांना फार दोष देऊ नका. नसलेलं दिसायला लागलं की हॅलोपेरिडॉल सगळेच देतात. पण या आजारात तीच गोळी माणसाला दगड करते. काही परत येत नाहीत.”

“हे येतील?”

“गोळी थांबवलीत ती कोणाच्या सांगण्यावरून?”

मी म्हटलं, “आत्याने. पोस्टकार्ड चुकलं म्हणून.” त्यांना ते सगळं सांगावं लागलं. ते चष्मा काढून हसले, मग एकदम गंभीर झाले. “त्या कार्डाने यांना वाचवलं असेल, बाई. आता थांबायचं. औषध अंगातून पुरतं जाऊ दे.”

मी विज्ञान शिकवते. पेशीचं चित्र फळ्यावर किती वेळा काढलंय. पण त्या पेशीत धुळीएवढा कण बसतो आणि त्यातून काठापदरासकट बाई उभी राहते, घागरीच्या पोच्यासकट, हे माझ्या डोक्यात मावत नाही. परतीच्या वाटेवर आप्पा जीपमध्ये झोपले होते. मी सारखी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. त्या एवढ्याशा हाडामागे अख्खी पाण्याची रांग!

आमू


वाई, ३ जानेवारी १९९९

दादा,

आप्पा हसले. कशावर, ते आधी सांगते.

गोळी बंद होऊन सात आठवड्यांनी पापण्या लवायला लागल्या. मग मगदूमांनी दुसरं औषध सुरू केलं, लेवोडोपा. अंग मोकळं करणारं. एकदम नाही, पाव गोळी. “आठ दिवसांनी बघू, मग आणखी पाव. याने चालणं सुधारेल, पण बायकांची रांग वाढू शकते. रांग फार वाढली तर मागे यायचं.”

तेव्हा आप्पाच बोलले. “म्हंजी व्हॉल्व्ह पाव आटाच सोडायचा, थांबायचं, पायपाला कान लावायचा. एकदम सोडलं तर सांधा फुटतोय.”

मगदूमांनी पेन खाली ठेवलं.

“आन् वरच्या आळीला पानी दिलं की खालच्या आळीचा दाब पडतोय. दोन्ही आळ्या एकदम खूश न्हाई व्हायच्या, डॉक्टरसाहेब. बत्तीस वर्सं शिव्या खाल्ल्यात मी.”

“आप्पासाहेब,” मगदूम म्हणाले, “हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.”

आम्ही तसंच केलं. पाव, मग अर्धी. डिसेंबरात एका सकाळी ते उठून, भिंतीला हात न लावता दारापर्यंत गेले आणि दूधवाल्याला म्हणाले, “का रं, आज उशीर?” मी आतून ऐकलं. ऑगस्टमध्ये ज्यांचा हात हवेत तसाच राहिला होता, ते हेच. पाव गोळी म्हणजे केवढी रे? नखाएवढी.

त्या दिवशी त्यांना पुण्यानुमोदनाचं सांगितलं. ऐकून घेतलं. विचारलं, “जेवायला काय केलतं?”

“बुंदी.”

“मंग मेलो त्याचं सार्थक झालं.” आणि हसले. चेहरा अजून पुरता हलत नाही, पण खांदे हलले. थोड्या वेळाने म्हणाले, “भंते बोलवलं व्हतं? कुणालनं? नारळवाल्यानं?” मी हो म्हटलं. दुपारी ते जेवले नाहीत.

आता एक कबुली. मगदूमांनी विचारलं होतं, ती पहिली गोळी दिवसातून किती वेळा दिलीत. मी ‘एकदा’ म्हणाले. ते खोटं होतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ‘गरज वाटली तर आणखी एक’ असं लिहिलं होतं. शाळेत तपासणी होती त्या आठवड्यात मी रोज दोन दिल्या. गरज त्यांची नव्हती, माझी होती. ते घरात बसून राहावेत आणि मला निर्धास्त शिकवता यावं म्हणून. त्याच शुक्रवारी ते ‘शांत’ झाले. मागच्या खेपेला मगदूमांना खरं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. तुला सांगायला मला जास्त जड गेलं.

आमू


वाई, ७ मार्च १९९९

दादा,

जानेवारीच्या अखेरीला एक नवीन गोळी सुरू झाली, डोनेपेझिल. मुंबईहून मागवावी लागली. खरी ती विसरण्याच्या आजारासाठी काढलेली, पण लेवी बॉडीत माणसं दिसणं तिने कमी होतं असं परदेशात काहींना आढळलंय. मगदूम स्पष्ट म्हणाले, “मी पहिल्यांदाच देतोय. दोघं मिळून शिकू.” आधी हृदयाचा आलेख काढला, कारण तिने नाडी मंद होते. पहिला आठवडा मळमळ आणि जुलाब. मी घाबरले. आप्पा म्हणाले, “नव्या पायपातनं आधी गाळच येतोय.”

पाचव्या आठवड्यात एका दुपारी चार वाजता ते उठले नाहीत. मी विचारलं, “आज पाणी सोडायचं नाही?”

“बायका कमी आल्यात,” म्हणाले. “तिघीच. आन् त्या बी पातळ झाल्यात. पलीकडचं फडताळ दिसतंय.”

परवा म्हणाले, एकच आहे, दाराशी. घागर खाली ठेवून बसलीय. काल तीही नव्हती. दादा, मी दाराशी जाऊन त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिले. माझ्यासाठी ती जागा पहिल्यापासून रिकामीच होती. जवळजवळ दोन वर्षं एक रांग इथे उभी होती आणि मोहरीएवढ्या गोळीने ती घरोघर परत पाठवली. आप्पांना मी विचारलं, बरं वाटतंय ना? म्हणाले, “बरं वाटतंय. जरा सुनं बी वाटतंय.”

त्यांनी पेपर वाचला. घड्याळाचं चित्र काढलं, आकडे गोलात बसले.

मी मगदूमांना विचारलं, म्हणजे बरे झाले? ते म्हणाले, “नाही. आजार चालूच आहे. ही भर पावसाळ्यातली उघडीप आहे. पुन्हा भरून येणार. सहा महिने, वर्ष, मला सांगता येणार नाही. जे करायचं ते या उन्हात करून घ्या.”

हे मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं नाही असं आता ठरवलंय. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग भाकरी खाता खाता म्हणाले, “आमे, मी कुणालला काय म्हणलो व्हतो? नेमका सबूद सांग.”

“‘माझ्या मातीलासुदिक येऊ नगंस.’”

“व्हय. म्हंजी त्यानं हितं यायचं न्हाई. मी तितं जायचं न्हाई, असं कुटं म्हणलोय?”

ते भाकरी चावत राहिले.

तू काय म्हणशील मला माहीत नाही. विचारलं तर पत्र जायला-यायला पंधरा दिवस, आणि तू कदाचित ‘आधी शब्द मागे घ्या’ म्हणशील. मला ते पंधरा दिवस खर्चायचे नाहीत.

आमू


सांगली, २१ मार्च १९९९

दादा,

हे पत्र तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तू कारखान्यावर आहेस. हंगाम आहे, रविवारीसुद्धा पाळी असते, वहिनी सांगत होत्या. त्या आत चहा टाकतायत आणि मधूनमधून डोळे पुसतायत.

आम्ही सकाळच्या गाडीने आलो. आप्पांना खिडकीची जागा मिळाली. कराडला आत्या स्टँडवर उभी होती, खिडकीतून डबा दिला आणि ओरडली, “आप्पा, आता सांगलीत तुमच्या हातानं बुंदी खावा. मागल्या खेपंला मी एकटीनं खाल्ली!” सगळी गाडी बघायला लागली.

गेल्या महिन्यापासून त्यांनी एक रीत काढलीय. काही नवीन दिसलं की शेजारच्याला विचारतात, ‘हे तुला बी दिसतंय का?’ खरं-खोटं ठरवायला आता पिठापेक्षा माणूस बरा, म्हणतात. तुझ्या दारात पाऊल टाकलं आणि त्यांना समोरच देव्हारा दिसला. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. आप्पांनी वहिनींना विचारलं, “पोरी, ह्ये तुला बी दिसतंय न्हवं?”

“व्हय, आप्पा,” वहिनी म्हणाल्या. “ह्ये हाय. खरं हाय.”

“मंग असू दे,” म्हणाले, आणि चपला काढून आत आले.

आत आल्यावर त्यांनी तुझ्या भिंतीवर त्यांचा स्वतःचा फोटो पाहिला. चौकटीच्या वर खिळ्याला हाराचा दोरा अजून तसाच आहे. तो त्यांनी बोटाने चाचपला. “फोटू बरा आलाय,” एवढंच. आता खाटेवर झोपलेत. तू आल्यावर ते आधी काय बोलतील, मला माहीत नाही. गाडीत दोनदा काहीतरी पुटपुटत होते. मी ऐकलं नाही, कारण ते तुझ्यासाठी होतं.

औषधांचा कागद कपाटाच्या दाराला चिकटवलाय. लेवोडोपा जेवणाआधी अर्धा तास, वेळ चुकवू नये. वहिनींनी वाचून दाखवलं आणि मी दोनदा म्हणवून घेतलं. तळाला लाल शाईने लिहिलंय की हॅलोपेरिडॉल किंवा तसलं काही त्यांना कधीच द्यायचं नाही, कोणीही लिहून दिलं तरी आधी मगदूमांना फोन. त्यांचा दवाखाना तुझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. मला वाईहून अख्खा दिवस लागतो. एखादी बाई परत आली आणि आप्पांना तिची भीती वाटत नसेल, तर तिला घालवायला औषध वाढवू नकोस. बसू दे तिला.

ते खाली पडतील, एखाद्या दुपारी तुला ओळखणार नाहीत, त्याच संध्याकाळी तुझ्या लहानपणीचं काहीतरी सांगतील जे तू विसरला असशील. दोन्ही खरंच आप्पा असतील. हे मला सात महिन्यांत कळलं आणि अजून पुरतं कळलेलं नाही.

तुला न विचारता त्यांना आणलं, याबद्दल रागाव. पण ते तुझ्या घरी राहणार आहेत. त्यांचे कपडे वहिनींनी तुझ्या कपाटात लावले, मिरजेच्या केस पेपरवर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून मागच्या खेपेला मी तुझं नाव घातलं, आणि तू हे वाचशील तोवर माझी साडेतीनची गाडी कराडच्या पुढे गेलेली असेल.

तुझी,
आमू